धुऱ्यावरची पुडी

हनीफ,

तुझ्या मातीला एवढी माणसं येतील असं मला वाटलं नव्हतं. खोटं कशाला बोलू, वाटलं होतं, आणि तेच मला नको होतं. चिखलीहून आली, खामगावहून आली, जानेफळहून दोन जीपगाड्या भरून आल्या. पुण्याहून तुझी ती स्टँड-अपवाली पोरं आली. कब्रस्तानापर्यंत चालताना लोक एकमेकांना तुझे जोक सांगत होते आणि तोंडावर रुमाल धरून हसू दाबत होते. मयतीत लोकांना हसू दाबायला लावणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. सगळ्यांसारख्या मीही तीन मुठी माती तुझ्यावर टाकल्या. तिसरी टाकताना मनात काय आलं असेल? आपण गेलो तर एवढी येतील का. हे आलं, हनीफ. तुझ्या कबरीच्या काठावर उभं राहून मी माझी गर्दी मोजत होतो.

मलकापूरच्या एका मासिकवाल्यांनी मला सांगितलं, तुम्ही बालमित्र, चार चांगले शब्द लिहा. गेले आठ दिवस मी चार चांगले शब्द लिहायला बसतो आणि पाचव्या शब्दाला माझं पोट दुखायला लागतं. तेव्हा चांगले शब्द बाकीच्यांनी लिहावेत. मी खरे लिहितो. मी तुझ्यावर जळत होतो. थोडाथोडका नाही, चांगली पंचवीस-सव्वीस वर्षं जळलो, आणि तू गेल्यावर ते थांबेल असं वाटलं होतं, तर तेही नाही.

माझी बाजू समजून घे. आपल्या गावात, उंद्रीत, विनोदी माणूस मी होतो, तू नव्हतास. लग्न असो, गणपती असो, शाळेचं गॅदरिंग असो, पोळ्याच्या दिवशी बैलांची नावं पुकारायची असोत, माइक माझ्या हातात. "गज्या असला की हसून हसून मुरकुंडी वळते," असं बाया म्हणायच्या आणि मी ते ऐकलंच नाही असं दाखवून दोनदा ऐकायचो. तू मागच्या रांगेत बसायचास, त्या वायरच्या गुंडाळीवर, कारण लाऊडस्पीकरवाल्याशी तुझी दोस्ती. माझा जोक झाला की सगळ्यांच्या अर्धा क्षण आधी तुझं हसू यायचं. मला ते फार आवडायचं. मला वाटायचं, देवानं प्रत्येक विनोदी माणसाला एक हनीफ द्यावा.

पहिला चटका बसला तो नववीत. आपले इतिहासाचे सर आठवतात? पाकिस्तानशी क्रिकेटची मॅच असली की मुद्दाम तुला उभं करायचे आणि विचारायचे, "काय हनीफराव, आज कोणी जिंकावं असं वाटते?" सगळा वर्ग खी खी करायचा. मीही करायचो. तू खाली मान घालून उभा राहायचास. असं वर्षभर चाललं. मग एक दिवस तू मान वर केलीस आणि अगदी नम्रपणे म्हणालास, "सर, कोनीबी जिंको, पन लवकर जिंको. तवाच तुम्ही शिकवाले लागसान."

वर्ग फुटला. सरसुद्धा हसले, आणि त्यानंतर त्यांनी तुला कधी उभं केलं नाही. वर्षभर मी त्या वर्गाला हसवत होतो, पण माझ्या कुठल्याही जोकनं कोणाला काही करायचं थांबवलं नव्हतं. मला ते तेव्हा एवढं नीट कळलं नाही. एवढंच कळलं की मधल्या सुट्टीत पोरं माझ्याऐवजी तुझ्याभोवती उभी आहेत. मी तुला म्हणालो, "बरा होता, पन थोडा लांबला." तू म्हणालास, "हाव का? पुढच्या बारीले कमी करतो." आणि खरंच विचारात पडलास. माझ्यासारख्याचा सल्ला मनावर घ्यायची तुझी ही खोड मला अजूनही सहन होत नाही.

तू पुण्याला गेलास तेव्हा मला आनंद झाला होता, हेही लिहून ठेवतो. गावात हसवणारा एकच उरला. तू तिकडं कसल्याशा कंपनीत फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकायचास. सणावाराला यायचास, आमच्या बियाण्याच्या दुकानात बसायचास, मी ग्राहकांना हसवायचो, तू ऐकायचास. सगळं जागेवर होतं.

मग एक दिवस दुकानात एका गिऱ्हाइकानं फोन पुढं केला. "हे तुमच्या गावचं पोट्टं ना बे?" पाहतो तर तू. हातात माइक, मागं विटांची भिंत, अंगात तो निळा शर्ट, जो ईदला शिवलेला मला माहीत होता. तू पुण्यात फ्लॅट शोधायची गोष्ट सांगत होतास. फोनवर एक मावशी तुझी बोली ऐकून खूश होतात, अय्या विदर्भातले का, किती गोड बोलता, आमच्याकडे शेगावचा प्रसाद असतो नेहमी. भाडं ठरतं, चावीचा दिवस ठरतो. मग त्या नाव विचारतात. तू सांगतोस. मावशी म्हणतात, अगं बाई, तो फ्लॅट तर आत्ताच गेला. आणि तू म्हणतोस, "मावशी, आत्ता? कोन घेऊन गेलं व? मी तं लाइनवरच हाव."

मी हसलो. गिऱ्हाईक हसलं. बाबा आतून विचारायला लागले काय झालं. मग हसू ओसरलं. त्या मावशींचा राग यायला हवा होता मला. मला तुझा आला. 

मी तुला फोन करून काय म्हणालो ते तुझ्या लक्षात असणारच. "तुले बरं हाय बे. तुह्या नावातच माल हाय. मी काय सांगू? मले कोनी काही म्हनतच नाही." तू म्हणालास, "नाव बदलून घेतो का? एक महिना. मंग परत दे." मी मोठ्यानं हसलो आणि फोन ठेवला आणि दिवसभर कोणाशी नीट बोललो नाही. तुझ्या दुखण्यावर मी जळत होतो, हनीफ. ते दुखणं मला नको होतं. त्यावर मिळणारी टाळी तेवढी हवी होती.

आणि मग तो पुडीचा जोक आला.

जे हे वाचतायत आणि कपाशीच्या मुलखातले नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. अळीला मारणारी बीटी कपाशी आली तेव्हा सरकीच्या प्रत्येक थैलीसोबत एक लहान पुडी यायची, साध्या बियांची. ती वावराच्या कडेनं, धुऱ्याला, म्हणजे बांधाला, लागून पेरायची. हेतू असा की बोंडअळी त्या साध्या झाडांवर जगेल, तिथं खाईल, आणि आतल्या बीटीला पचवायला शिकणार नाही. थैलीतल्या कागदावर हे बारीक अक्षरात लिहिलेलं असायचं. कागद कोणी वाचत नसे. काहीजणांना वाटायचं पुडी म्हणजे थैलीवर बोनस आहे, ते जिथं झाड उगवलं नाही तिथं नांगे भरायला ती वापरायचे. बाकीचे आमच्या दुकानाच्या पायरीवरच फेकून जायचे. थैली डोक्यावर, पुडी पायाखाली. मृगात आमच्या पायरीवर पुड्यांचा खच पडायचा, आणि आम्ही दुकानदारही काही बोलायचो नाही. सगळ्या शिवारात पुडी लावणारं घर एकच, तुमचं. तुझे अब्बा पिंजारी, गावाच्या गाद्या-दुलया त्यांनी भरलेल्या, नाल्यापलीकडं तीन एकर. त्यांना वाचता येत नव्हतं म्हणून तू कागद मोठ्यानं वाचून दाखवायचास, आणि वाचलंय म्हणजे करायचं असा त्यांचा हिशेब. लोक त्यांना हसायचे.

तर हे त्या फ्लॅटच्या जोकच्या बरंच आधीचं, बीटी येऊन तीन-चार वर्षं झाली होती. पेरणीची गर्दी. दुकानात पाच-सहाजण उभे, त्यात तू, सुट्टीला आलेला. विठोबाकाकांनी पुडी हातात घेऊन विचारलं, "काय असते बे हे? दरसाल देता." आणि मी, गावचा विनोदी माणूस, काउंटरवर हात टेकून म्हणालो, "काका, हे हनीफ हाय. याले धुऱ्यावर लावाचं. अळी आली तं आधी याले खाईन. आपुन आत मजेत."

दुकान दणाणलं. विठोबाकाकांना ठसका लागला. आणि तू हसलास, हनीफ. सगळ्यांत मोठ्यानं तूच हसलास. मग काकांच्या हातातली पुडी घेऊन खिशात टाकलीस आणि म्हणालास, "भारी होता बे गज्या. हा मले दे." मी म्हणालो, "घे, फुकट."

घडलं ते एवढंच. इतकी वर्षं मी स्वतःला हेच सांगत आलो. जोक माझा, हसलास तू, मागितलास तू, दिला मी.

त्यामुळं पुण्यातल्या स्टेजवर तू तो सांगताना पाहिलं तेव्हा मी काउंटरमागं उभाच राहिलो. "आमच्या गावात एकजण मले म्हने, हनीफ, तू त्या पुडीतला. म्या म्हनलं बरोबर हाय भाऊ. आमची वस्तीबी धुऱ्यावर, आमचं कब्रस्तानबी धुऱ्यावर, आता पुन्यात आलो तं फ्लॅटबी तिकडंच भेटला, म्युन्सिपाल्टीच्या धुऱ्यावर." लोक हसत होते, पण 'एकजण मले म्हने' या शब्दांवर आधी एक आवाज आला होता. च्च, असा. अख्ख्या सभागृहानं माझ्यासाठी च्च केलं होतं. मी कोण हे त्यांना माहीत नव्हतं एवढंच.

काय पेच होता बघ. आयुष्यातला माझा सगळ्यात गाजलेला जोक, लाखभर लोकांच्या फोनवर फिरत होता, आणि तो माझा आहे असं मला एकाही माणसाला सांगता येत नव्हतं. बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "असं बोलले तुम्ही? त्यायले?" आणि भाकरी थापायला लागली. पुन्हा तिच्यापाशी विषय काढला नाही.

तुला मात्र काढला. जोक माझा आहे, नाव घे, असं मी तुला फोनवर तीनदा तरी म्हणालो असेन. चौथ्यांदा तू म्हणालास, "तू ये इकडं. पाच मिनिटं काढून देतो. तूच सांग. तुहाच हाय."

आलो. लग्नातलं जाकीट घालून आलो. एका कॉफीच्या दुकानाचं तळघर, पन्नासेक पोरंपोरी, संध्याकाळची वेळ. तू माझी ओळख करून दिलीस, "हा माहा उस्ताद." हे तू मनापासून म्हणालास की काय ते मला आजही कळत नाही, आणि मनापासून म्हणाला असशील तर ते जास्त झोंबतं. माझे लग्नातले जोक तिथं पडले. बायकोचा पडला, सासूचा पडला, सरपंचाचा तर समजलाच नाही. मग मी हुकमी पत्ता काढला. आमच्या गावात एक हनीफ आहे, मी त्याला म्हणालो, तू त्या पुडीतला.

कोणी हसलं नाही. एकजण नाही. समोरच्या रांगेतली एक मुलगी हळूच "बाप रे" म्हणाली, ते मला माइकवर ऐकू यावं तसं ऐकू आलं. तू मागं भिंतीला टेकून उभा होतास. तू हसलास. त्या अख्ख्या तळघरात तू एकटा, नेहमीसारखा, अर्धा क्षण आधी. मला वाटतं तिथं मी तुझा सगळ्यात जास्त द्वेष केला.

बाहेर टपरीवर चहा घेताना मी भांडायला लागलो. शब्द तेच, बोली तीच, उलट माझी जास्त चांगली, मग तुझ्या तोंडून हशा आणि माझ्या तोंडून मयत, हे काय आहे? तू बशीत चहा ओतून फुंकत होतास.

"जोक तुहाच हाय बे. पन तू आतून सांगून राह्यला. मी धुऱ्यावरून सांगतो."

"हे सगळं पुन्याचं शहानपन मले सांगू नको. मंग नाव काऊन घेत नाही माहं?"

"घेतो ना. पन इथं नाही. इथं तुले कोन ओयखते? उंद्रीत घेतो. तुह्या दुकानापुढं, सगळ्यायच्या समोर. घेऊ?"

तू बिस्कीट पुढं केलंस. ते मी खाल्लं.

त्यानंतर दोन वर्षं आपण नीट बोललो नाही. तू सणाला यायचास, दुकानासमोरून जायचास, हात करायचास, मी गिऱ्हाइकात गुंतलेला असायचो. गिऱ्हाईक नसलं तरी.

मग ते बोंडअळीचं साल आलं. बीटीला अळी लागत नाही असं छातीठोक सांगून आम्ही थैल्या विकल्या होत्या, आणि बोंड फोडावं तर आत गुलाबी अळी. वरून हिरवं, टपोरं बोंड, आत सगळं किडकं. लोक दुकानात येऊन बोंडं काउंटरवर आपटायचे. बाबांनी त्या दिवाळीत दुकान चार दिवस बंद ठेवलं. आमच्याच वावरातल्या पऱ्हाटीकडं, उभ्या कपाशीकडं, बघवत नव्हतं. तू आलास तो थेट वावरात आलास. धुऱ्यावर माझ्या शेजारी बसलास, एक बोंड फोडलंस, बराच वेळ त्या अळीकडं बघितलंस. तुमच्याही तीन एकराला लागली होती. अब्बांनी दरसाल पुडी लावूनही लागली होती, कारण एकट्यानं लावून काय होतं? अळीला काय कोणाचं वावर कळतं?

आणि मग तू हळूहळू, शब्द चाचपत, मला म्हणून दाखवलंस. पुढं जे लोकांना पाठ झालं ते पहिल्यांदा मी ऐकलं आहे, हे मला कोणी हिरावून घेऊ शकत नाही. "म्हने हनीफ त्या पुडीतला. बरं बाप्पा, असंन. पन यायनं ते पुडी लावलीच नाही. फेकून देल्ली पायरीवर. अन् आता बोंडात अळी निघाली तं इचारून राह्यले, हे आली कुठून? मालक, धुऱ्यावर कोनाले राहूच देल्लं नाही, तं अळी सीधी घरातच येईन ना!"

माझ्या एका टोमण्याचा तू असा शेवट केला होतास की आता तो माझा राहिलाच नव्हता. आतले आणि धुऱ्यावरचे, सगळ्यांची पऱ्हाटी एकाच अळीनं खाल्ली होती, आणि हे सांगायचा हक्क गावात फक्त तुला होता. तू माझ्याकडं पाहिलंस, नववीतल्यासारखंच. "कसा हाय?"

मी म्हणालो, "ठीक. एवढा काही जमला नाही."

तू म्हणालास, "हाव का? पाह्यतो मंग." आणि विचारात पडलास.

जमला होता, हनीफ. मी आयुष्यात ऐकलेला सगळ्यात चांगला जोक होता तो. तुझ्या तोंडावर 'जमला' ही तीन अक्षरं बोलायला मला कोणी अडवलं होतं? घरी जाऊन मी जेवताना एकटाच हसलो आणि बायकोनं विचारलं तर काही नाही म्हणालो. पुढं तू तो कुठंकुठं सांगितलास, लोक उभे राहिले, मोठ्या शहरांतले लोक तुला बोलवायला लागले. दर वेळी मी फोनवर पाहायचो आणि शोधायचो की कुठं लांबला का, कुठं घसरला का. एकदा तुझा श्वास चुकला तर मला बरं वाटलं होतं.

तुझं शेवटचं बोलणं तू जायच्या पंधरा दिवस आधीचं. "गज्या, आता गावात शो करतो. तुह्या दुकानापुढं, पायरीवर उभा राहून. सूत्रसंचालन तू कर." मी म्हणालो, वेचणी होऊ दे, मजूर भेटत नाहीत, लोक दमलेले असतात. कारणं मला भरपूर येतात. तू मधेच म्हणालास, "घेऊ का मंग नाव?" तुझ्या आवाजात चेष्टा होती की नव्हती, मी तो फोन मनात किती वेळा ऐकला, मला ठरवता येत नाही. मी म्हणालो, "पाहू."

त्यानंतर तू मलकापूरच्या स्टेशनावर उतरलास आणि रिक्षात छातीला हात लावलास. कोणाला न सांगता गावाकडं कशासाठी निघाला होतास, ते तुझ्या बायकोला, नसीमभाभीलाही माहीत नाही. मी तिला विचारलं नाही. तिनंच सांगितलं.

परवा शाळेच्या पटांगणात तुझी शोकसभा झाली. सूत्रसंचालन अर्थात माझ्याकडं. तुझ्या पुण्याच्या पोरांतला एकजण उठला आणि म्हणाला, हनीफभाईंना रडून निरोप दिलेला चालणार नाही, त्यांचा जोक सांगतो. सांगितला. वऱ्हाडी त्याला जमली नाही, थांबायचं तिथं तो थांबला नाही, तरी पटांगण हसलं, बाया पदरात तोंड घालून हसल्या, हसता हसता रडल्या. आणि सरपंच खुर्चीतूनच मोठ्यानं म्हणाले, "पन थो एकजन कोन होता बे आपल्या गावातला? सापडला पाह्यजे!"

पुन्हा हशा. लोक मजेनं इकडंतिकडं पाहायला लागले. समोरच्या रांगेत विठोबाकाका बसले होते. त्या दिवशी दुकानात असलेल्यांतले तेच आता उरलेत. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि मग स्वतःच्या चपलेकडं पाहिलं. माइक माझ्या हातात होता. लहानपणापासून माइक माझ्याच हातात आहे. मी म्हणालो, "यानंतर आपल्या शाळेचे मुख्याध्यापक दोन शब्द बोलतील."

सभा संपल्यावर मी घरी गेलो नाही. नाला ओलांडून तुमच्याकडं गेलो. चाची, तुझी अम्मी, ओट्यावर बसली होती, तसबीह हातात. मी तिच्यापुढं खाली बसलो. वाटेत बरंच काही जुळवलं होतं, त्यातलं काही आठवलं नाही.

"चाची, थो एकजन मी होतो."

"मालूम हाय ना, पोरा."

"कोनं सांगतलं?"

"कोन सांगन? थोच. तुमच्या दुकानातून आला, पुडी चुलीपाशी ठेवली, मले अन् अब्बाले सांगतलं. लय हसून हसून सांगतलं. आमीबी हसलो. मंग म्या ताट वाढलं तं म्हने भूक नाही." तिनं मणी पुढं सरकवला. "दोन रोज जेवला नाही थो. अब्बा म्हने फेकून दे ते पुडी. तं म्हने नाही, लावू. अन् त्याच दिवशी संध्याकाळी तू आला होता त्याले बलवाले, खेयाले. म्या म्हनलं नको जाऊ. तं म्हने, गज्या वाट पाहून राह्यला, अन् गेला."

तिनं मला चहा केला. मी प्यालो. तिनं मला काही म्हटलं नाही, आणि जाताना डोक्यावरून हात फिरवला, जसा ती आपल्या दोघांच्याही डोक्यावरून फिरवायची.

ती संध्याकाळ मला आठवते, हनीफ. व्हॉलीबॉल होता, शाळेमागच्या मैदानात. तू पलीकडच्या बाजूला होतास आणि तुम्ही जिंकलात. मला आठवते कारण मला हरल्याचा फार राग आला होता, आणि मी तुला वाटेत एक शब्द बोललो नव्हतो. तू उपाशी खेळत होतास.

मी चाळीसपार माणूस आहे, दुकान आहे, दोन मुली आहेत, गावात मान आहे. त्यातलं किती राहील माहीत नाही. मासिक उंद्रीतही येतं, आमच्याच दुकानात ठेवलेलं असतं. विठोबाकाकांना आता चपलेकडं पाहायचं कारण नाही. आणि पुण्याच्या पोरांनो, यापुढं तो जोक सांगाल तेव्हा 'एकजण' म्हणू नका. गजानन म्हणा. उंद्रीचा, बियाण्याच्या दुकानाचा गजानन.

तू विचारलं होतंस, घेऊ का नाव. हाव बे. घे.